मीटरभर जास्त

ऑफिसात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. पाठीमागे नव्हे, तोंडावर. आणि तोही रागवायचा नाही, उलट हाक आली की लगेच मान वर करायचा. हे नाव त्यानं कमावलेलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नव्या इमारतीचा जिना बघायला सगळी मंडळी गेली होती. ठेकेदार खूश, मालक खूश, साहेब खूश. हा एकदाच वर चढला, एकदाच खाली उतरला आणि म्हणाला, "सातवी पायरी चार मिलिमीटरनं उंच झालीय." ठेकेदार हसला. टेप लावली. चार म्हणजे चारच. ठेकेदाराचं हसू तिथल्या तिथं वाळलं आणि याला नाव पडलं ते कायमचं.

एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात एकोणतीस वर्षं तो नकाशे काढत होता. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं, मग कंप्युटरवर. कंप्युटर त्यानं सेहेचाळिसाव्या वर्षी शिकून घेतला, कुरकुरत का होईना. पण छापून आलेल्या प्रत्येक कागदावर तो अजूनही आपली जुनी लाकडी मोजपट्टी ठेवून बघायचाच. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण डोळे झाकून नाही, असं त्याचं म्हणणं.

प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूला एक चौकट असते. तिच्यात चार ओळी: संकल्पना, काढले, तपासले, मंजूर. प्रत्येक ओळीपुढे ज्यानं ते काम केलं त्याचं नाव. मिलिमीटरचं नाव एकोणतीस वर्षं एकाच ओळीत येत होतं, 'काढले'. वरच्या ओळीत, 'संकल्पना' असं लिहिलेल्या ओळीत, ते एकदाही चढलं नाही. त्याच्याकडे पदवी नव्हती. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं. का सुटलं ते मोठं रामायण आहे, आणि त्यात ऑफिसातल्या कुणाचाच दोष नाही. पण ज्याचा दोष नाही त्याच्यावर जळता येत नाही, असं थोडंच आहे?

आणि जळायला माणूस मिळालं. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी एका नव्या बाईला कामावर घेतलं. वय एकतीस, दोन-दोन पदव्या, केस कापलेले, हातात कायम जाडजूड मऊ पेन्सिल. मिलिमीटर तिला तोंडावर 'मॅडम' म्हणायचा आणि मनात 'पदवी'. तिसऱ्याच दिवशी पदवीनं एका पाकिटाच्या पाठीवर काहीतरी गिरवलं. कोंबडीनं पाय ओढल्यासारख्या चार रेघा. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला, पाकीट हातात घेतलं आणि म्हणाले, "वा!"

मिलिमीटरच्या हातातली पेन्सिल मोडली. खरोखर मोडली, दोन तुकडे.

कारण साहेबांचा स्वभाव त्याला ठाऊक होता. त्याचा नकाशा समोर आला की ते असाच चष्मा वर ढकलायचे, नीट बघायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे." एवढंच. एकोणतीस वर्षांत 'बरोबर आहे' किती हजार वेळा ऐकलं, देव जाणे. 'वा' एकदाही नाही. आणि ही कालची पोर, हिची रेघ धड सरळ नाही, हिला पाकिटावर 'वा'! त्या दिवशी घरी जाऊन तो जेवायला बसला, पण घास नुसता कुस्करत राहिला. बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांचे नंबर बघायची. तिनं त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि म्हणाली, "आज कुणावर जळतोयस?"

"मी कशाला जळू?"

"कान लाल झालेत."

तर असं चाललं होतं. पुढं जे झालं ते एका जमिनीवरून झालं.

जमीन समुद्राच्या काठावर होती, उतरती. वरच्या अंगाला रस्ता, रस्त्यापासून जमीन घसरत घसरत खाली खडकांपर्यंत जाते आणि मग पाणी. रस्त्याच्या पलीकडे, जरा उंचावर, जुन्या घरांची एक ओळ. मिलिमीटरला ही जमीन पाठ होती. गेली चौदा वर्षं दर रविवारी संध्याकाळी तो आणि बायको तिथं रस्त्याच्या खालच्या टोकाला, कोपऱ्यातल्या बुटक्या कठड्यावर येऊन बसायचे. बायको समुद्र बघायची आणि हा जमीन बघायचा. बघता बघता त्यानं तिच्यावर मनातल्या मनात घर बांधलं होतं. खिडक्या कुठं, जिना कुठं, सगळं ठरलं होतं. दर रविवारी तो त्यात थोडं इकडचं तिकडं करायचा. जमीन दुसऱ्याची होती ही गोष्ट वेगळी.

एका सकाळी दातांच्या एक डॉक्टरीणबाई ऑफिसात आल्या. निवृत्त झालेल्या, बोलायला खणखणीत. त्यांनी नेमकी तीच जमीन विकत घेतली होती. नवरा पूर्वी बोटीवर होता. आता त्याचे दोन्ही गुडघे गेले होते. "त्याला समुद्र दिसला पाहिजे आणि त्याला जिना चढावा लागता कामा नये," त्या म्हणाल्या. "उतारावर हे कसं जमवायचं ते तुम्ही बघा."

साहेबांची एक चांगली पद्धत होती. असं अवघड काम आलं की ते सगळ्यांना सांगायचे, ज्याला सुचेल त्यानं काढा, कागदावर नाव घालू नका, सगळे कागद टेबलावर ठेवू आणि मालकाला निवडू दे. मिलिमीटरनं आजवर कधी काही ठेवलं नव्हतं. या वेळी ठेवलं. अकरा दिवस पहाटे उठून, जेवणाच्या टेबलावर, शाईच्या पेनानं. चौदा वर्षांचं घर कागदावर उतरलं. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. अगदी नीट आहे."

'नीट' हा शब्द त्याला थोडा टोचला. पण त्यानं तो गिळला.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचे पाच कागद एकेक करून पाहिले. त्याच्या कागदावर त्या थांबल्या. "हे नीटनेटकं आहे," त्या म्हणाल्या आणि कागद बाजूला ठेवला. पदवी शेजारीच उभी होती. कागद कुणाचा ते तिला माहीत नव्हतं. ती अगदी मनापासून म्हणाली, "हे ज्यानं काढलंय त्याला जिने फार छान कळतात."

"पण मला जिनेच तर नकोत!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. तोही हसला. हसावं लागतं.

निवडलं गेलं ते पदवीचं घर. रस्त्याच्या वरच्या कोपऱ्यातून सरळ आत जायचं, नवऱ्याचं सगळं त्याच मजल्यावर, खाली उताराच्या पोटात फक्त पाहुण्यांची खोली. छप्पर रस्त्यापासून दोन मीटर ऐंशी. पलीकडच्या घरातला माणूस खिडकीशी बसला तर छपरावरून समुद्राची पट्टी दिसत राहील, एवढं मोजून तिनं ती उंची धरली होती. वाईट नव्हतं. चांगलं होतं. हेच तर दुखणं होतं. वाईट असतं तर मिलिमीटर शांत झोपला असता.

एवढ्यावर निभावलं असतं. पण आठवड्यानं त्याची बायको ऑफिसात आली. चष्मा घरी विसरला होता, तो द्यायला. मधल्या मोठ्या टेबलावर पदवीनं पुठ्ठ्याची प्रतिकृती करून ठेवली होती. पुठ्ठ्याचे पायरी-पायरीचे थर लावून उतार, त्यावर पांढरं घर. बायको वाकून बघायला लागली. आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "वा! किती सुंदर! यात राहायला कुणाला नाही आवडणार?"

साहेबांनी 'वा' म्हणावं, एक वेळ ठीक. पण स्वतःच्या बायकोनं! मिलिमीटरनं चष्मा घेतला आणि डोळ्यांवर चढवायचाही विसरला.

आता त्या गावात एक नियम होता. नवं घर बांधण्याआधी जमिनीवर त्याच्या चार कोपऱ्यांना चार वासे उभे करायचे, छपराच्या उंचीला रंगीत दोरी बांधायची आणि पंधरा दिवस तसंच ठेवायचं. घर येण्याआधी शेजाऱ्यांना ते दोरीत दिसतं. कुणाची हरकत असेल तर त्यानं तेवढ्यात सांगायचं. सपाट जागेवर हे काम कुणीही करेल. उतारावर नाही. तिथं खालच्या बाजूचे वासे दुमजली घराएवढे उंच लागतात, आणि मीटरभर इकडचं तिकडं झालं तर डोळ्याला काही कळत नाही. म्हणून हे काम नेहमी मिलिमीटरचं. तो पाण्यानं भरलेली लांब पारदर्शक नळी घेऊन जायचा. नळी कितीही वेडीवाकडी धरा, दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. पाणी खोटं बोलत नाही, असं तो सांगायचा.

निघताना पदवी दारापर्यंत आली. "काका, मी येऊ का सोबत?"

"कशाला?"

"तेही खरंच," ती हसली. "तुम्ही लावताय म्हटल्यावर मी येऊन काय दिवे लावणार?"

जमिनीवर परांची बांधणारे दोघे गडी वासे रोवून तयार होते. रस्त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक खुणेचा दगड होता, त्यावर पांढरी फुली. सगळी मापं तिथून. पहिल्या वाशावर एक गडी टेप धरून चढला आणि वरून ओरडला, "साहेब, किती?"

दोन ऐंशी. तोंडात होतंच. चौदा वर्षांत किती रविवार होतात, असा हिशेब का कुणास ठाऊक त्याच्या डोक्यात आला. मग पुठ्ठ्यावर वाकलेली बायको आली. आणि त्यानं स्वतःचाच आवाज ऐकला.

"तीन ऐंशी."

गड्यानं खूण केली. झालं. अजूनही 'अरे थांब, चुकलो' म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. उलट नळी घेऊन तो उतारावर उतरला आणि तीच उंची उरलेल्या तिन्ही वाशांवर नेली, पाणी स्थिर होईपर्यंत थांबून, वाकून, एक डोळा मिटून. चारही खुणा केसाइतक्याही चुकल्या नाहीत. लबाडीसुद्धा त्यानं मिलिमीटरला बरोबर केली.

रस्त्यापलीकडच्या घरात एक शिलाईवाल्या आजी राहायच्या. खिडकीशी मशीन, मशीनशी आजी, चाळीस वर्षं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मशीनवरून मान वर केली आणि समोर समुद्राऐवजी लाल दोरी! तिसऱ्या दिवशी त्या ऑफिसात हजर.

"माझा समुद्र गेला," त्या साहेबांसमोर बसून म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोकांचे काठ शिवले. मान वर केली की तेवढीच माझी सुट्टी. तीही तुम्ही नेली?"

बाजूच्या चार घरांच्या हरकती त्यांच्या पिशवीतच होत्या. साहेब लाल झाले. आजींबरोबर ते त्यांच्या घरी जाऊन आले आणि परत येताच त्यांनी पदवीला बोलावलं, सगळ्यांसमोर.

"उंची कुणी काढली?"

"मी. दोन ऐंशी आहे, साहेब. बसलेल्या माणसाला समुद्र दिसायला हवा."

"दिसत नाहीये! मी आत्ता जाऊन आलो. उभ्या माणसाला दिसत नाही!"

"मग एकदा मोजून बघू का? वासे..."

साहेब हसले, आणि ते हसणं वाईट होतं. "वासे मिलिमीटरनं लावलेत. त्याचं माप तू तपासणार?"

पदवीनं वळून मिलिमीटरकडे पाहिलं. संशयानं नाही. तसं पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं ओशाळून पाहिलं. "नाही, काका चुकणार नाहीत," ती म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलंय."

मिलिमीटर कंप्युटरकडे तोंड करून बसला होता. मनातून त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली, या एका गोष्टीचा आनंद त्याला दुपारपर्यंत पुरला. संध्याकाळी मात्र चहा कडू लागायला लागला. साखर दोनदा घातली तरी.

वासे उतरवले गेले. पुरावाही गेला. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथं आधी वासे फिरले होते आणि आता घर फिरणार होतं. काम पदवीच्या हातून जाणार अशी कुजबुज सुरू झाली. साहेब एकदा पाणी पिता पिता म्हणालेसुद्धा, "तो नीटनेटका कागद कुणाचा होता रे? काढून ठेवा." आता बघा, त्याला हवं ते अगदी हाताशी आलं होतं.

पदवी तीन आठवडे आपली चूक शोधत होती. आकडे तपासले, मोजणीचा नकाशा तपासला. नसलेली चूक सापडणार कुठून? चेहरा उतरला. जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मग ती रोज सकाळी जमिनीवर जाऊन बसायला लागली. मिलिमीटर मनात म्हणायचा, बस, मीही चौदा वर्षं बसलोय, काय मिळालं?

तिला मिळालं. डॉक्टरीणबाईंचा नवराही रोज सकाळी काठी टेकत जमीन बघायला यायचा. पण रस्ता वरच्या कोपऱ्याकडे चढत जातो आणि त्याला तो चढ झेपायचा नाही. म्हणून तो खालच्या कोपऱ्यातच थांबायचा, बुटक्या कठड्यापाशी, आणि तिथून समुद्र बघायचा. चार-पाच दिवस पदवीनं हे पाहिलं आणि एका सकाळी ती धावत ऑफिसात आली. बुटांना माती, केस विस्कटलेले.

"साहेब, दार चुकीच्या कोपऱ्यात आहे! बाईंचे मिस्टर जिथं थांबतात, तिथंच दार पाहिजे!"

रस्त्याला स्वतःलाच उतार होता. वरच्या कोपऱ्यापेक्षा खालचा कोपरा जवळजवळ तीन मीटर खाली. तिथून आडवं, उताराच्या अंगाअंगानं चालत गेलं तर एकही पायरी न उतरता आख्खा एक मजला खाली पोचता येतं. सगळं घर त्या एका मजल्यावर. आणि त्याचं छप्पर बरोबर रस्त्याच्या वरच्या काठाला येतं; वर गवत लावलं की पलीकडच्यांना घर दिसतच नाही. नुसता समुद्र.

साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. "वा," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, हळू, "वा."

मिलिमीटर खुर्चीत खिळून बसला. खालचा कोपरा! तो कठडा! चौदा वर्षं दर रविवारी तो त्या घराच्या दारातच बसत आला होता, समुद्र बघणाऱ्या बायकोच्या शेजारी, आणि वरच्या कोपऱ्यातून जिने उतरवत होता. तिचं चुकावं म्हणून लावलेल्या वाशांनी तिच्याकडून असं घर काढून घेतलं होतं की तसं या ऑफिसातून कधी बाहेर पडलं नसेल. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! बरं, कुणाला सांगणार? हे माझ्यामुळे झालं म्हणायची सोय नाही आणि गप्प बसवत नाही.

नवे नकाशे काढायचं काम अर्थात त्याच्याकडेच आलं. दीड महिना तो ते घर रेघ-रेघ करून काढत होता आणि प्रत्येक रेघेला वाटत होतं, ही मला का नाही सुचली? डॉक्टरीणबाई नवऱ्याला घेऊन आल्या. नवऱ्यानं कागदावर दारापासून पलंगापर्यंत बोट फिरवलं. "एकही पायरी नाही?" त्यानं तीनदा विचारलं. शिलाईवाल्या आजींनी हरकत मागं घेतली आणि वर पदवीच्या कोटाचं उसवलेलं अस्तर शिवून दिलं.

शेवटच्या नकाशाची प्रत एका दुपारी छापून आली. साहेबांनी ती मोठ्या टेबलावर पसरली, कोपऱ्यातली चौकट वाचली आणि ऑफिसभर ऐकू जाईल असं म्हणाले, "वा, मिलिमीटर!"

त्याला आधी कळलंच नाही. तो उठून टेबलापाशी गेला. चौकटीत 'संकल्पना' लिहिलेल्या ओळीत दोन नावं होती. एक तिचं. आणि एक त्याचं, पूर्ण, आडनावासकट.

"मी घातलं," पदवी म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "काका, तुमचे वासे नसते ना, तर मी ते आधीचंच घर बांधून मोकळी झाले असते. खोटा आकडा कागदावर खपून जातो, वाशावर नाही. हे तुम्ही मला शिकवलंत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पाठीवर थाप मारली. एकोणतीस वर्षांनी त्याला हवं होतं ते सगळं एका दुपारी मिळालं, 'वा'सकट. आणि टाळ्या संपायच्या आत तो आपल्या खुर्चीत परत जाऊन बसला.

त्या माणसाचं एक होतं. दुसऱ्याचं वाईट चिंतणं त्याला जमलं, लबाडी जमली, गप्प बसणं जमलं. पण कागदावर चुकीची रेघ राहू देणं त्याला जमत नव्हतं. अर्धा तास त्यानं कळ काढली. मग ड्रॉवरमधलं जुनं ब्लेड घेतलं. ट्रेसिंग पेपरच्या काळात चुकलेली शाई याच ब्लेडनं तो खरवडून काढायचा. ते हातात धरून तो पदवीच्या टेबलापाशी गेला. नकाशा तिथंच होता. बाकीचे चहाला गेले होते.

"मॅडम, दोन ऐंशीच बरोबर होतं."

"काय?"

"उंची. तुमचा आकडा बरोबर होता. वासे मी मीटरभर जास्त लावले. मुद्दाम."

ती हसली, थट्टा समजून. मग तिच्या लक्षात आलं, मिलिमीटर थट्टा करत नाही. हसू हळूहळू गेलं.

"का?"

उत्तरं पुष्कळ होती. कॉलेज, चौदा वर्षं, जिने. पण तोंडातून आलं ते सगळ्यात खरं आणि सगळ्यात क्षुल्लक. "साहेब तुम्हाला 'वा' म्हणतात म्हणून."

म्हटल्यावर ते इतकं लहान ऐकू आलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

पदवीनं ड्रॉवर उघडला आणि एक घडी केलेला कागद त्याच्यासमोर टाकला. तिचा राजीनामा. तारीख वासे उतरवल्याच्या आठवड्यातली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी स्वतःला नालायक समजत होते. आईला सांगून बसले, मला हे काम जमत नाही. मोजून बघावंसं वाटलं होतं मला! पण म्हटलं, मी कोण काकांना तपासणारी? एवढा विश्वास मी माझ्या बापावर नाही टाकला कधी."

"मी साहेबांना सांगतो. आणि हे आत्ताच काढून टाकतो." त्यानं ब्लेड चौकटीवर टेकवलं.

तिनं आपला पंजा त्याच्या नावावर दाबून धरला. "हात लावायचा नाही."

"मॅडम, ते खोटं आहे."

"कुठं खोटं आहे? तुमच्याशिवाय हे घर झालं असतं का? नसतं झालं. मग राहू दे की. येता-जाता वाचा." तिनं ब्लेड त्याच्या हातातून काढून घेतलं. "साहेबांना काही सांगायचं नाही. आणि आजपासून तुमचं प्रत्येक माप मी तपासणार. टेप घेऊन. सगळ्यांसमोर."

तिनं शब्द पाळला. त्याचा प्रत्येक नकाशा, प्रत्येक वासा ती स्वतः मोजायची. साहेब म्हणाले, "मिलिमीटरला तपासते? कमाल आहे हिची!" तो म्हणाला, "तपासू द्या, साहेब." ती कधी काही बोलायची नाही. मोजून झालं की टेप गुंडाळायची आणि त्याच्याकडे न बघता म्हणायची, "बरोबर आहे."

घर उभं राहिलं. नकाशा साहेबांनी काचेच्या चौकटीत घालून ऑफिसच्या बोळात लावला, त्याच्या खुर्चीपासून पाण्याच्या नळाकडे जाताना नेमका समोर येईल असा. मिलिमीटर पाणी कमी प्यायला लागला.

एका शनिवारी बायको त्याला न्यायला आली आणि बोळातच थांबली. कोपऱ्यातली ओळ तिनं पहिल्यांदा मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली, त्याचं पूर्ण नाव, आडनावासकट.

"वा!" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"त्यात मीटरभर चूक आहे," तो म्हणाला.

"तुझी? मीटरभर?" ती खळखळून हसली. "चल, काहीतरीच!" आणि पर्समधलं चष्मे पुसायचं मऊ फडकं काढून तिनं काच पुसली, नेमकी त्याच कोपऱ्यात, नाव अगदी स्वच्छ दिसेपर्यंत.